बिस्किटातलं आइस्क्रीम

आमच्या आजोबांनी रुस्तमचं आइस्क्रीम घरी पहिल्यांदा कधी आणलं, यावर आमच्याकडे आजतागायत एकमत नाही. आजोबा सांगायचे, अब्बास अली बेगची टेस्ट झाली तेव्हा. आजी म्हणायची, छे, महाराष्ट्र झाला तेव्हा. थोरली आत्या आता ऐंशीच्या पुढे आहे, आणि तिचं म्हणणं खोडून काढायला वडीलधारं कुणी उरलेलं नाही. ती म्हणते, मी मॅट्रिक पास झाले म्हणून आणलं. तिन्ही साक्षी १९६०च्याच. म्हणजे सालाबद्दल तरी तंटा नाही.

चर्चगेट स्टेशनातून बाहेर पडून वीर नरिमन रस्त्याने समुद्राच्या दिशेने निघालं की डाव्या हाताला ब्रेबॉर्न स्टेडियम लागतं. त्याच्याच इमारतीत, रस्त्याच्या अंगाला, के. रुस्तमचं दुकान. १९५३ सालचं, पारशी-इराणी मंडळींचं. आजोबा फोर्टात एका कचेरीत कारकून होते, आणि रस्त्याला ते शेवटपर्यंत ‘चर्चगेट स्ट्रीट’च म्हणत राहिले. त्याच रस्त्यावर १९५६मध्ये गेलॉर्ड रेस्टॉरंट उघडलं. तिथे शंकर-जयकिशन येऊन बसत, म्हणून माणसं उगाच काचेतून आत डोकावत. आजोबांनीही डोकावून पाहिलं असणार, पण आत पाऊल टाकणं कारकुनाच्या पगारात बसणारं नव्हतं. रुस्तमकडे मात्र उभ्या उभ्या खाता येई, आणि वेटरला टीप द्यायची भानगड नाही.

खायची रीत आजही तीच आहे. काउंटरपलीकडचा माणूस फ्रीझरमधून आइस्क्रीमची चौकोनी वडी काढतो, खाली एक पातळ वेफर, वर एक, आणि कागदात धरून हातात देतो. वेफरला स्वतःची अशी गोडी जवळजवळ नाहीच. कुरकुरीत आणि थोडी भाजल्या पिठाच्या वासाची. पहिला घास दाताला झिणझिण्या आणतो. दुसऱ्या घासाला कडा ओघळायला लागतात, की मनगट वळवून खालून जिभेने आवरायचं. तिसऱ्या-चौथ्या घासापर्यंत वेफर मऊ पडते. म्हणून गप्पा मारत खाणाऱ्याचं इथे काम नाही. आजोबांना कुणी पारशीबाबा काउंटरवरून ओरडायचा म्हणे, “जल्दी खा, डिकरा!” तेव्हा आजोबांना टक्कल पडायला लागलं होतं, पण ‘डिकरा’ म्हटल्याचा आनंद त्यांना जन्मभर पुरला. आजी या प्रकाराला ‘बिस्किटातलं आइस्क्रीम’ म्हणायची, आणि आमच्या घरात तेच नाव रूढ झालं.

आता बेगची टेस्ट. जानेवारी १९६०, समोर ऑस्ट्रेलिया. बेगने दोन्ही डावांत अर्धशतक काढलं, आणि एक मुलगी प्रेक्षकांतून धावत मैदानात गेली आणि त्याच्या गालाचा मुका घेऊन आली. हे खरंच घडलं; देशभर गाजलं. आजोबा त्या दिवशी ब्रेबॉर्नवर होते. म्हणजे, होते असं ते सांगायचे. आमच्या गिरगावातल्या चाळीत असे साक्षीदार इतके होते की त्या दिवशी चाळ ओस पडली असली पाहिजे. आजोबांच्या गोष्टीत त्या मुलीचा फ्रॉक कधी पिवळा असे, कधी निळा. एकदा तर आजी समोर बसली असताना ती चक्क साडीत निघाली. पण मॅच सुटल्यावर आपण रुस्तमकडे वळलो, एक वडी तिथे खाल्ली आणि घरच्यांसाठी डबा भरून घेतला, एवढा भाग कधी बदलला नाही. ब्रेबॉर्नवरच्या टेस्ट पुढे गेल्या. १९७५पासून त्या वानखेडेवर होऊ लागल्या. आजोबा तिथे कधी फिरकले नाहीत. म्हणायचे, “तिथून आइस्क्रीम लांब पडतं.”

आजीची हरकत एका मुद्द्यावर टिकून असायची. डब्यातलं आइस्क्रीम आंब्याचं होतं. “जानेवारीत कुठला मेला आंबा?” तिच्या मते तो दिवस १ मेचा. आदल्या मध्यरात्री राजभवनावर नेहरूंच्या हस्ते राज्याचा शुभारंभ झालेला, यशवंतराव मुख्यमंत्री, गिरगावात कमानी आणि दिव्यांच्या माळा. गिरगावाने या राज्यासाठी काय सोसलं होतं ते तिने पाहिलं होतं. नोव्हेंबर १९५५मध्ये फ्लोरा फाउंटनला गोळीबार झाला त्या संध्याकाळी आजोबा घरी येईपर्यंत तिने चूल पेटवली नव्हती. हे ती कधी फार बोलायची नाही. आइस्क्रीमच्या गोष्टीतच मध्ये येऊन जायचं आणि ती पुन्हा आंब्यावर यायची.

तर आजोबा स्टीलच्या डब्यात चार वड्या घेऊन चर्चगेटहून गिरगावात चालत आले. ट्रामचे पैसे वाचवायचे, ही त्यांची सवय सणासुदीलाही सुटली नाही. डब्याभोवती ओला पंचा, त्यावर वर्तमानपत्र. ठाकूरद्वार येईपर्यंत व्हायचं ते झालं. घरी झाकण उघडलं तर आत पिवळं, दाट, गारेगार काहीतरी. आजीने ते वाट्यांत ओतलं आणि सगळ्यांना पोळीबरोबर वाढलं. वेफर कागदात वेगळ्या होत्या. त्या पापडासारख्या तोंडी लावायला. महाराष्ट्र राज्याच्या पहिल्या रात्री आमच्या घरी रुस्तमचं आइस्क्रीम पोळीशी खाल्लं गेलं, ते असं.

घरी आइस्क्रीम व्हायचं नाही असं नाही. मे महिन्यात भाड्याने पॉट यायचा. लाकडी बादली, मध्ये पत्र्याचा डबा, भोवती गोणपाटात घालून ठेचलेला बर्फ आणि खडेमीठ. मिठाने बर्फ वितळता वितळता शून्याच्याही खाली उतरतो, म्हणून आतलं दूध गोठतं. पण आम्हा मुलांना खरी मजा हँडल जड झालं की पॉटावर गोणपाट टाकून बसण्यात. अडचण दुधाची. आरेची वसाहत १९४९ला सुरू झाली, केंद्रावर बाटल्या मिळू लागल्या, पण त्या कार्डावर आणि मोजून. पॉट लावायचा तर आजी दोन दिवस आधीपासून शेजारणींच्या बाटल्या उसन्या मागत फिरायची. आणि एवढं करून आम्हाला वाढताना म्हणायचीच, “घसा बसला तर माझ्याकडे येऊ नका.”

तिच्या या धाकाला मुंबईत फार जुना आधार आहे. १८३४च्या सुमारास बॉस्टनचा बर्फ लाकडाच्या भुशात गुंडाळून जहाजाने मुंबईत येऊ लागला. त्यानंतर सर जमशेटजी जीजीभॉय यांनी एका मेजवानीत आइस्क्रीम वाढलं, आणि यजमानासकट पाहुण्यांना सर्दी झाली. परदेशी चीज खायला गेलात, भोगा आता, असं ‘मुंबई समाचार’ने सुनावलं म्हणतात. आजीला ही गोष्ट मी सांगितली तेव्हा तिला जराही नवल वाटलं नाही. “मग? मी काय वेगळं सांगत होते?”

मध्यंतरी आत्याला घेऊन रुस्तमकडे गेलो होतो. बोरिवलीहून टॅक्सी नको म्हणाली. लोकलने, खिडकीशी बसून. मी जुनं कॅलेंडर पाहून ठेवलं होतं. १ मे १९६०ला रविवार होता. गाडीत तिला हे सांगितलं मात्र, तिने विजयी मुद्रेने माझ्याकडे पाहिलं. “बघ! रविवारी बाबांना कचेरी नव्हती. फोर्टात कशाला जातील? माझा रिझल्टच तो.” मी म्हटलं, दिवे बघायला गेले असतील. “मग आईला नेलं नसतं?” यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. बेगचं काय, असं विचारलं तर म्हणाली, “बाबा त्या मॅचला गेलेच नव्हते. शेजाऱ्यांच्या रेडिओवर ऐकली. मी होते ना तिथे.”

दुकानात गर्दी होती, कॉलेजची मुलं जास्त. आत्या काठी टेकत थेट काउंटरपाशी गेली आणि तिथल्या विशीतल्या पोराला विचारलं, १९६०मध्ये दुकान रविवारी उघडं असायचं का रे? तो हसला. “आजी, माझे आजोबा तेव्हा शाळेत असतील. कुठलं देऊ? अक्रोड की आलं?”

आत्याने क्षणभर विचार केला.

“अक्रोडाचं दे. आल्याचं पोळीशी लागणार नाही.”