मलबारचा साग आणि मुंबईची करवत

इंग्लंडच्या ईशान्य किनाऱ्यावर हार्टलपूल नावाचे बंदर आहे. तेथे ‘ट्रिंकोमाली’ ही जुनी युद्धनौका अजून पाण्यावर उभी आहे. मुंबईच्या गोदीत जमशेटजी बमनजी वाडिया यांनी ती बांधली आणि १२ ऑक्टोबर १८१७ रोजी ती पाण्यात सोडण्यात आली. वाडियांचे कौतुक आजवर पुष्कळ झाले, आणि ते योग्यच झाले. आम्हांला आज बोलायचे आहे ते तिच्या लाकडाविषयी. रानातल्या झाडाची फळी कशी झाली, आणि त्या झाडावर हक्क कोणाचा होता?

फ्रान्सशी चाललेल्या दीर्घ युद्धात इंग्लंडमध्ये जहाजाजोगा ओक मिळेनासा झाला, तेव्हा आरमारखात्याची नजर मलबारच्या सागाकडे वळली. ओकमधील आम्ल लोखंडी खिळ्यांना खाते. साग आपल्या अंगच्या तेलाने ते राखतो.

पण ओला साग जड. तो पाण्यावर तरंगत नाही. म्हणून झाड उभे असतानाच बुंध्याभोवती साल व तिच्या आतले कोवळे लाकूड कापून कडे काढीत. रस तुटला की झाड जागच्या जागी वाळे. दोनतीन वर्षे त्याला असे उभे ठेवून मग कुऱ्हाड घालीत. हत्ती ओंडके नदीपर्यंत ओढीत, नदी ते किनाऱ्याला आणी, आणि तेथून समुद्रमार्गे ते मुंबईस येत.

पुढचे काम करवतीचे. ओंडका खड्ड्यावर आडवा टाकायचा, गेरूत भिजवलेले सूत ताणून त्यावर रेघ उमटवायची. मग एक माणूस वर, एक खाली. वरचा रेघ सांभाळतो, खालचा ओढतो, आणि भुसा सगळा खालच्याच्या नाकातोंडात. चिरेत पाचर ठोकायची, नाही तर लाकूड मिटून करवत धरते. सागात वाळूचा सूक्ष्म अंश असतो, त्यामुळे दाते लवकर बोथटतात. कानस हाताशी हवीच. लहानपणी घर बांधताना ज्यांनी असे दोघे करवतणारे पाहिले असतील, त्यांना हे वेगळे सांगायला नको. शिवाय सगळेच लाकूड सरळ फळ्यांचे नसते. जहाजाच्या फासळीला मुळातच वाकलेले झाड लागते. सरळ ओंडक्यातून बाक कापला तर लाकडाच्या रेषा तुटतात आणि फासळी नेमकी तेथे मोडते. कोणत्या झाडात कोणती फासळी आहे हे चिरण्याआधी ओळखणे, ही आमच्या मते यातली खरी विद्या. ती जाणणाऱ्या वाडियांची नावे आपल्याला ठाऊक आहेत. खड्ड्यात उतरणाऱ्यांची नाहीत.

आता हक्काचा प्रश्न. १८०६ मध्ये कंपनीने कॅप्टन वॉटसन यांना मलबारच्या जंगलांवर नेमले. १८०७ मध्ये जाहीरनामा निघाला, की साग सरकारचा. परवानगीवाचून कोणी तोडू नये. पिढ्यान्‌पिढ्या त्या रानांवर हक्क सांगणारे जमीनमालक आणि लाकडाचे व्यापारी दोघेही चिडले. अखेर १८२३ मध्ये मद्रासचे गव्हर्नर टॉमस मन्रो यांनी ते पदच मोडले.

येथे रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्राची आठवण होते. आरमारास लाकूड हवेच, हे अमात्य नाकारीत नाहीत. साग, शिसव हुजूरच्या परवानगीने तोडावे, असेच ते सांगतात. परंतु आंबा-फणसाला हात लावू देत नाहीत, कारण ती झाडे रयतेने लेकरांसारखी वाढवलेली असतात. फारच जीर्ण झालेले झाड हवे असेल तर मालकाला राजी करून, पैसे देऊन घ्यावे. कंपनीलाही लाकूडच हवे होते. मालकाला राजी करण्याची गोष्ट तेवढी जाहीरनाम्यात राहून गेली.

तोडीने रान विरळ झाल्यावर, १८४० नंतरच्या काही वर्षांत, कलेक्टर कॉनोली व चातु मेनन यांनी निलंबूर येथे साग लावला. त्यातली काही झाडे आजही तेथे पाहावयास मिळतात. ती करवतीजोगी होण्याआधीच मुंबईच्या गोदीत लाकडी युद्धनौका बांधणे थांबले होते.