बोट सुजलं अन् अंगठी रुतली? सोनं नंतर बघा, आधी बोट वाचवा

नाशिक : द्राक्षाची ऑक्टोबर छाटणी असो, कांदा काढणी असो की पेठ-सुरगाण्याकडची भात लावणी, हाताला काही ना काही लागतंच. गांधीलमाशी चावते, काटा मोडतो, ट्रॉलीच्या फाळक्यात बोट चेमटतं. बोट सुजतं आणि बोटातली अंगठी आत रुतून बसते. अशा वेळी घरात दोनच गोष्टी होतात. एक तर जोर लावून ओढाओढ, नाही तर ‘सकाळी बघू’ म्हणून झोपणं. दोन्ही चुकीच्या आहेत.

अंगठी रुतली की आत काय होतं?

बोटात रक्त आणणारी नस खोल असते आणि तिच्यात दाब जास्त असतो. रक्त परत नेणाऱ्या शिरा वरवर आणि मऊ असतात. अंगठीचा आवळ बसला की आधी या शिरा दबतात. म्हणजे रक्त आत येत राहतं, पण बाहेर जात नाही. त्यामुळे सूज वाढते, सूज वाढली की आवळ वाढतो. शेवटी आत येणारं रक्तही थांबतं. म्हणून सूज दिसायला लागली, त्याच मिनिटाला अंगठी काढायची. तासाभराने तीच अंगठी निघत नाही.

आधी बोट तपासा

दुसऱ्या हाताच्या नखाशी ताडून बघा. अंगठी अडकलेल्या बोटाचं नख दाबून सोडा. पांढरं झालेलं नख दोन-तीन सेकंदांत पुन्हा गुलाबी झालं तर रक्त चालू आहे, घरी प्रयत्न करायला हरकत नाही. पण बोट निळं-काळं किंवा पांढरंफटक पडलं, गार लागतंय, बधीर झालंय, वाकत नाही, खोल जखम आहे किंवा हाड मोडल्याची शंका आहे, तर घरी काहीच करत बसू नका. सरळ दवाखाना गाठा. शुगरच्या पेशंटला बधिरपणा कळत नाही, त्यामुळे त्यांनी रंगावर लक्ष ठेवावं.

घरी करायचे उपाय, याच क्रमाने

१) हात छातीच्या वर धरून पाच-दहा मिनिटं बसा. सोबत बोट गार पाण्यात धरा किंवा फडक्यात गुंडाळलेला बर्फ लावा. बर्फ थेट कातडीवर नको.

२) साबणाचं पाणी, खोबरेल तेल किंवा भांडी धुवायचं लिक्विड अंगठीच्या खाली-वर लावा. अंगठी सरळ ओढू नका. नटबोल्ट फिरवतो तशी हळूहळू फिरवत पुढे आणा. सांध्यावर आली की दुसऱ्याने हाताकडची कातडी मागे ओढून धरावी. ग्रीस, डिझेल लावू नका.

३) तरी निघाली नाही तर दोरा. शिवणकामाचा जाड धागा हातभर घ्या. त्याचं एक टोक केसांच्या पिनेने अंगठीखालून तळहाताच्या बाजूला काढा. उरलेला धागा अंगठीला लागूनच बोटाभोवती गुंडाळायला सुरुवात करा आणि एकाला एक चिकटून वेढे देत सांध्याच्या पुढे न्या. मग तळहाताकडचं टोक धरून नखाच्या दिशेने सोडवत जा. धागा सुटत जाईल तशी अंगठी पुढे सरकते. दुखतं थोडं, पण निघते. निघाली नाही तर धागा लगेच पूर्ण काढा. गुंडाळलेला ठेवून झोपू नका.

या कामाला नायलॉन मांजा किंवा गोणीची सुतळी वापरायची नाही, कातडी कापते. जखम किंवा फ्रॅक्चर असलेल्या बोटावर दोऱ्याचा उपाय करू नये.

पंधरा-वीस मिनिटांत जमलं नाही तर थांबा. ओढाओढीने सांधा आणखी सुजतो. आता अंगठी कापायची.

कापायची कुणाकडे?

सोन्या-चांदीची, तांब्याची अंगठी गावातला सोनारही कापून देतो. रोजचं काम आहे त्यांचं. दवाखान्यातही अंगठी कापायचं छोटं कटर असू शकतं. त्याची पट्टी अंगठी आणि बोटाच्या मधे जाते, त्यामुळे कातडीला लागत नाही. अवघड जातं ते घोड्याच्या नालेच्या किंवा स्टीलच्या अंगठीला. लोखंड जाड असलं की हाताचं कटर चालत नाही, मशीनचं लागतं. मशीनने पातं तापतं, म्हणून पाणी टाकत, थांबत थांबत कापावं लागतं. हे काम अग्निशमन दलाकडेही करून घेता येतं. त्यांचा नंबर १०१. पोरांनी खेळताना बोटात घातलेला नट किंवा पाइपाचा तुकडा असेल तरी हाच रस्ता.

घरचा ग्राइंडर आणि हेक्सा ब्लेड मात्र हातात घेऊ नका. अंगठीसाठी बोट जायचं.

जोडव्यांचं काय?

बहुतेक चांदीची जोडवी खालून उघडी असतात. दोन पकडींनी हलक्या हाताने फाकवली की निघतात. पाय ठेचला, सुजला की बायका ‘जोडवी कशी काढू’ म्हणून दुखणं अंगावर काढतात. सासूबाईंनीच पुढे होऊन ‘काढ’ म्हणावं. जोडवी नंतर पुन्हा घालता येतात. अंगठीचंही तसंच, कापलेलं सोनं कुठं जात नाही, सोनार जोडून देतो. बोट मात्र जोडता येत नाही.

साप-विंचू चावला तर

हाताला साप चावला तर पहिल्याच मिनिटाला त्या हातातली अंगठी, बांगड्या, कडं, घड्याळ, दंडावरचा दोरा काढा. पायाला चावला तर जोडवी-पैंजण. घोणस आणि फुरसे चावल्यावर सूज झपाट्याने चढते, मग काही निघत नाही. वरून दोरी आवळून बांधू नका, चिरा देऊ नका. अंगठी निघत नाही म्हणून घरी थांबू नका. १०८ ला फोन करा आणि जवळच्या सरकारी दवाखान्यात न्या. विंचू, मधमाशा, गांधीलमाशी यालाही हाच नियम. चावल्यावर दम लागला, ओठ किंवा तोंड सुजलं तर एक क्षणही थांबायचं नाही.

गरोदर बायांसाठी

शेवटच्या महिन्यांत हातपाय थोडे सुजतातच, त्यामुळे अंगठी आधीच काढून ठेवा. पण हात आणि चेहरा अचानक सुजला, डोकं फार दुखतंय, डोळ्यांपुढे अंधारी येतेय, तर ते बीपी वाढल्याचं लक्षण असू शकतं. आशाताईंना सांगा आणि त्याच दिवशी दवाखान्यात तपासून घ्या.

अडकूच नये म्हणून

कडबा कुट्टी, मळणी यंत्र, फवारणी ब्लोअर यांवर काम करताना आणि ट्रॉलीतून उतरताना अंगठी खिशात ठेवा. उडी मारताना फाळक्याला अंगठी अडकून बोटाची सालपटं निघतात, कधी बोटच तुटतं. छाटणीनंतर पेस्टिंग करताना हातमोजे घाला आणि अंगठी काढा. हायड्रोजन सायनामाइड अंगठीखाली साचलं की कातडी भाजते.

अंगठी निघाल्यावर बोट साबणाने धुवा. जखम असेल तर धनुर्वाताच्या इंजेक्शनचं डॉक्टरांना विचारा. सूज पूर्ण उतरेपर्यंत तीच अंगठी पुन्हा घालू नका. आणि आज निवांत बसला असाल तर एक काम करा. हातातली अंगठी फिरवून बघा. साध्या बोटातून निघायलाच त्रास होत असेल, तर सुजल्यावर ती निघणार नाही. पुढच्या बाजाराला सोनाराकडून सैल करून आणा.