तगादा आणि त्याचा कागद

धनको आणि ऋणको यांचा संबंध मनुष्याच्या व्यवहाराइतकाच जुना आहे, आणि तगादा त्या संबंधाच्या पाठोपाठ आलेला आहे. दिलेला पैसा ठरल्या वेळीं परत आला नाहीं, तर धनकोनें ऋणकोच्या दारीं जावें, ही गोष्ट कोणत्याहि काळीं निंद्य मानली गेली नाहीं. परंतु मागणारा कोण, तो कोणत्या कर्जाचा पैसा मागतो आणि त्याचा हिशेब काय, हें त्यानें दाखविलें पाहिजे, असा दंडकहि आपल्याकडे तितकाच प्राचीन आहे. ठाणें, कल्याण, डोंबिवली या शहरांतील घराघरांत हल्लीं दूरध्वनीवरून जे खोटे वसुलीदार बोलतात, त्यांचें सारें कसब ऐकणाऱ्यास या दंडकाचा विसर पाडण्यांत आहे. म्हणून या दंडकाचा इतिहास पाहणें हें केवळ जिज्ञासेचें काम नाहीं; घरांतील शिल्लक आणि घराची अब्रू राखण्यासहि तें उपयोगी पडेल.

या इतिहासाचा एक फार जुना पुरावा नाशिकच्या लेण्यांत दगडावर कोरलेला आहे. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकाच्या पूर्वार्धांत क्षत्रप नहपानाचा जांवई उषवदात यानें भिक्षूंच्या उपयोगासाठीं तीन हजार कार्षापण गोवर्धन येथील विणकरांच्या दोन श्रेणींकडे कायम ठेव म्हणून ठेवले. दोन हजारांवर दरमहा शेंकडा एक आणि उरलेल्या एक हजारावर दरमहा शेंकडा पाऊण, असा व्याजाचा दर ठरला. रक्कम किती, ती कोणाकडे, दर काय आणि व्याज कशास खर्च व्हावें, हा सर्व तपशील त्या लेखांत आहे. शिवाय हा व्यवहार निगमसभेंत जाहीर करून नोंदविला, असेंहि त्यांत म्हटलें आहे. त्याच सुमाराच्या शतकांत कल्याण हें समुद्रावरील व्यापाराचें मोठें बंदर होतें, आणि तेथील व्यापाऱ्यांचीं नांवें कान्हेरीच्या लेण्यांत दाते म्हणून कोरलेलीं आढळतात. ज्या प्रदेशांतून आज आगगाडीनें लाखों माणसें रोज कचेरीस जातात, त्या प्रदेशाला पैशाचा व्यवहार लिहून ठेवण्याची संवय अशी फार जुनी आहे.

स्मृतिकारांनी हाच नियम शब्दबद्ध केला. याज्ञवल्क्यस्मृतीप्रमाणें ऋणकोनें जसजसा पैसा फेडावा तसतशी त्याची नोंद रोख्याच्या पाठीवर करावी, किंवा धनकोनें स्वहस्ताची खूण असलेली पावती द्यावी. आणि सर्व ऋण फिटल्यावर रोखा फाडून टाकावा. व्याज एका वेळीं मुद्दलाहून अधिक वसूल करूं नये, हा दामदुपटीचा नियमहि याच परंपरेंतला. तो पुढें इंग्रजी न्यायालयांनीहि मुंबई इलाख्यांत मान्य केला.

मराठेशाहींत तगाद्याच्या कटकटींतून थोर पुरुषहि सुटले नाहींत. मोहिमांच्या खर्चापायीं पहिल्या बाजीराव पेशव्यांवर कर्जाचा डोंगर झाला होता. सावकार व शिलेदार यांची मनधरणी करतां करतां आपण कसे जेरीस आलों आहों, याची व्यथा त्यांनी ब्रह्मेंद्रस्वामींस पत्रांतून कळविली. सामान्य ऋणकोच्या दारांत धनको धरणें धरून बसे. स्वतः उपाशी राही आणि आपल्या उपवासाचें पाप त्याच्या माथीं बसेल अशी भीति घाली. हा मार्ग क्रूर खरा. १८६० च्या भारतीय दंड संहितेनें दैवी कोपाची भीति घालून केलेलें असें धरणें गुन्हा ठरविलें. परंतु दारांत बसलेला मनुष्य कोण आहे हें साऱ्या आळीस ठाऊक असे. त्याचें घर, त्याची पेढी, त्याची वही, सर्व ओळखीचें असे. तगादेदार कठोर असेल. पण तो कोण, हा प्रश्न कोणास पडत नसे.

एकोणिसाव्या शतकांत मात्र या दंडकाला वेगळ्याच बाजूनें धक्का बसला. कागद होता, पण तो ऋणकोस वाचतां येत नव्हता. शेतकरी रोख्यावर नांगराची निशाणी करी. वर काय लिहिलें आहे तें सावकार सांगेल तेंच खरें. जुना रोखा संपण्यापूर्वीं व्याज मुद्दलांत मिळवून नवा रोखा होई, आणि न्यायालय त्या रोख्यावरील अक्षर प्रमाण मानून हुकूमनामा देई. १२ मे १८७५ रोजीं पुणें जिल्ह्यांतील भीमथडी तालुक्यांत सुपें येथें बाजाराच्या दिवशीं लोकक्षोभ उसळला, आणि तो लौकरच पुणें व अहमदनगर जिल्ह्यांतील अनेक गांवांत पसरला. त्या दंग्यांत लोकांचा मुख्य रोख सावकारांजवळच्या रोख्यांवर आणि खतांवर होता; तीं हिसकावून जाळण्यांत आलीं, आणि ज्यांनी तीं निमूटपणें काढून दिलीं त्यांस बहुधा फारसा उपद्रव झाला नाहीं. ज्या कागदानें रक्षण करावयाचें तोच कागद फांस झाला होता.

सरकारनें चौकशी आयोग नेमला आणि १८७९ सालीं दख्खनच्या शेतकऱ्यांच्या संरक्षणाचा कायदा केला. त्याचीं कलमें आज वाचण्याजोगीं आहेत. न्यायाधीशानें केवळ रोख्यावर न थांबतां व्यवहाराच्या मुळापर्यंत जावें. पैशाच्या हुकूमनाम्यापायीं शेतकऱ्यास कैदेंत टाकूं नये. रोखे गांवच्या नोंदणी अधिकाऱ्यासमोर व्हावे. आणि ऋणकोस पैसे भरल्याची लेखी पावती, वर्षाचा हिशेब आणि मागितल्यास हिशेबाचें पासबुक मिळावें. न्यायमूर्ति महादेव गोविंद रानडे यांनी उच्च न्यायालयावर जाण्यापूर्वीं याच कायद्याखालीं विशेष न्यायाधीश म्हणून काम केलें. याज्ञवल्क्यानें सांगितलेली पावती अशा रीतीनें पुन्हां ऋणकोच्या हातीं आली, आणि तिच्या जोडीस ती खरी कीं खोटी हें तपासण्याचा अधिकारहि आला.

१९४६ च्या मुंबई सावकारी कायद्यानें आणखी एक पाऊल टाकलें. हिशेब ठेवणें आणि त्याचा उतारा ऋणकोस देणें हें कर्तव्य तर त्यांत होतेंच. पण वसुलीसाठीं ऋणकोस दमदाटी करणें, त्याच्या पाठोपाठ जागोजागीं हिंडणें किंवा त्याच्या घराभोंवतीं घिरट्या घालणें हा गुन्हा ठरविण्यांत आला. २०१४ मध्यें या कायद्याची जागा महाराष्ट्राच्या नव्या सावकारी नियमन कायद्यानें घेतली.

एवढें सर्व झाल्यावर जग बदललें. पेढीच्या जागीं बँक आली, बँकेच्या जागीं हातांतील यंत्रावरचें ॲप आलें, आणि दारांतील तगादेदाराच्या जागीं नुसता आवाज आला. आवाजाला घर नसतें, पेढी नसते, वही नसते. हीच गोष्ट लुच्च्यांनी हेरली. आणि तिचें एक मोठें उदाहरण ठाणें जिल्ह्यांतच घडलें.

२०१६ सालच्या ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यांत एका रात्रीं ठाणें पोलिसांनी मीरा रोड येथें छापे घातले. तेथील कॉल सेंटरांतून शेंकडों तरुण तरुणी रात्रभर अमेरिकेंत दूरध्वनि करीत. अमेरिकी उच्चार घोटून घेतलेले, संवादाचा मजकूर लिहून दिलेला, आणि नांव तेथील करवसुली खात्याचें. तुमच्याकडे कर थकला आहे. तासाभरांत भरा, नाहींतर पोलिस दारांत येतील, असें सांगावयाचें, आणि दुकानांतून गिफ्ट कार्ड विकत आणवून त्यावरील आंकडे वाचून घ्यावयाचे. सातशेंहून अधिक लोकांस ताब्यांत घेण्यांत आलें आणि त्यांपैकीं सत्तर जणांस प्रथम अटक झाली. त्याच महिन्याच्या अखेरीस अमेरिकेच्या न्याय खात्यानें अशाच प्रकाराबद्दल ५६ व्यक्ति आणि अहमदाबादेंतील पांच केंद्रें यांवर आरोप ठेवल्याचें जाहीर केलें; त्या खटल्यांत २०१८ सालीं एकवीस जणांस तेथें शिक्षा झाल्या, त्यांतील मोठ्यांत मोठी वीस वर्षांची होती.

येथें लक्षांत घेण्यासारखी गोष्ट ही कीं, अमेरिकेंतहि कागदाचा दंडक होताच. तेथील करखातें थकबाकीची पहिली सूचना सामान्यतः टपालानें पाठवितें. खाजगी कर्जाच्या वसुलीदारानें प्रथम गांठ पडल्यापासून पांच दिवसांच्या आंत कर्जाचा लेखी तपशील पाठवावा आणि ऋणकोस हरकत घेण्यास तीस दिवस मिळावे, असा तेथें १९७७ सालचा कायदा आहे. तरीहि सुशिक्षित माणसें फसलीं, कारण त्यांना कागदाची आठवण होण्याइतका अवधीच मिळाला नाहीं. भीति आणि घाई हीं या धंद्याचीं दोन हत्यारें होत.

तींच हत्यारें आतां आपल्या घरांवर उलटलीं आहेत. रिझर्व्ह बँकेच्या कार्यगटानें २०२१ सालीं दिलेल्या अहवालाप्रमाणें भारतांत उपलब्ध असलेल्या सुमारें अकराशें कर्ज देणाऱ्या ॲपांपैकीं सहाशें बेकायदा होतीं. अशा ॲपांनी घेणाऱ्याच्या यंत्रांतील नातलगांचे क्रमांक उचलले, आणि कर्ज न घेतलेल्या माणसांसहि तगादे सुरू झाले. कोणास पुतण्याच्या कर्जाचा जामीनदार म्हणून धमकावितात. कोणास मिटविलेल्या क्रेडिट कार्डाची बाकी सांगतात. कोणा विधवेस दिवंगत पतीच्या हप्त्याबद्दल न्यायालयाचें वॉरंट निघाल्याचें सांगतात. वॉरंटाचें चित्र आणि खोटा शिक्काहि पाठवितात. दुपारीं घरांत एकटी असलेली गृहिणी किंवा सेवानिवृत्त गृहस्थ यांच्यावर हा प्रयोग सोयीचा पडतो, कारण शेजाऱ्यापाजाऱ्यांस कळूं नये म्हणून तीं माणसें मुकाट्यानें पैसे पाठवितात. अब्रूची भीति येथें जुन्या धरण्याचें काम करते. फरक इतकाच कीं, आतां धरणें धरणारा दिसत नाहीं आणि पुष्कळदां कर्जहि अस्तित्वांत नसतें.

कायदा मात्र आजहि जुन्या दंडकावरच उभा आहे. साधें कर्ज थकलें म्हणून पोलिस कोणास अटक करीत नाहींत. धनकोस दिवाणी न्यायालयांत जावें लागतें, आणि तेथेंहि केवळ पैसा नाहीं म्हणून ऋणकोस तुरुंगांत टाकतां येत नाहीं, हें सर्वोच्च न्यायालयानें १९८० सालीं स्पष्ट केलें. न वटलेल्या धनादेशाचा खटला फौजदारी खरा. पण त्याच्याहि आधीं लेखी नोटीस आणि पंधरा दिवसांची मुदत द्यावी लागते. मृताच्या कर्जाबद्दल वारसाची जबाबदारी त्यास मिळालेल्या मालमत्तेपुरतीच असते. वसुलीदारानें अधिकारपत्र आणि ओळखपत्र बाळगावें, असें रिझर्व्ह बँकेनें २००८ सालींच सांगितलें. आणि २०२२ मध्यें थकलेल्या कर्जासाठीं सकाळीं आठच्या आधीं व सायंकाळीं सातच्या नंतर दूरध्वनि करण्यास व ऋणकोच्या आप्तेष्टांस त्रास देण्यास मनाई केली. ॲपावरून दिलेल्या कर्जाचा वसुलीदार नेमला, तर त्याची माहिती त्यानें गांठ घेण्यापूर्वीं ऋणकोस लेखी कळविली पाहिजे.

म्हणून असा आवाज कानीं पडला असतां गृहस्थानें वाद घालूं नये आणि घाबरूंहि नये. नांव, संस्था आणि कर्जाचा क्रमांक विचारावा. हें सर्व लेखी पाठवा म्हणावें. आणि दूरध्वनि ठेवावा. आपला खातेक्रमांक, आधार क्रमांक किंवा यंत्रावर आलेले गुप्त आंकडे सांगूं नयेत. त्यानें पाठविलेल्या दुव्यावर बोट ठेवूं नये. नंतर पासबुकावर किंवा कार्डाच्या मागें छापलेल्या क्रमांकावर स्वतः बँकेस विचारावें. आपल्या नांवावर खरोखर कोणतीं कर्जें आहेत हें पाहण्याची सोयहि आतां झाली आहे. पतविषयक माहिती ठेवणाऱ्या चार कंपन्या देशांत आहेत, आणि त्या प्रत्येकीनें वर्षांतून एकदां संपूर्ण अहवाल विनामूल्य दिला पाहिजे असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. १८७९ च्या कायद्यानें दख्खनच्या शेतकऱ्यास जें पासबुक देऊं केलें, त्याचेंच हें आजचें रूप होय. तें मागून घेण्याचें तेवढें मनावर घेतलें पाहिजे. पैसे गेलेच असतील, तर लाज बाळगण्यांत वेळ न घालवितां १९३० या क्रमांकावर तत्काळ कळवावें. तक्रार जितकी लौकर होते, तितका पैसा वाटेंत अडविला जाण्याचा संभव अधिक.

ज्यानें खरोखर कर्ज घेतलें आहे त्यानें तें फेडलें पाहिजे, याविषयीं दुमत नाहीं. हिशेब मागणें म्हणजे कर्ज बुडविणें नव्हे. खरा धनको असेल तर त्याच्याजवळ हिशेब असतोच, आणि एक दिवस उशीर झाल्यानें त्याचें कांहीं बिघडत नाहीं. सुप्याच्या शेतकऱ्यास रोख्यावरचीं अक्षरें वाचतां येत नव्हतीं, म्हणून त्याला तो जाळावासा वाटला. आजच्या शहरवासी कुटुंबास अक्षरें येतात. वाचावयास कागद मागून घेणें एवढेंच त्याच्याकडे उरलें आहे. घरांतील वडील माणसांस, एकट्या राहणाऱ्या मावशीस, नुकत्याच नोकरीस लागलेल्या मुलास ही गोष्ट आज रात्रीं जेवतांना सांगितली, तर उद्यांचा दूरध्वनि त्या घरांत निष्फळ ठरेल.