मंद नाडीचे कोडे : आईच्या रक्तापासून गर्भाच्या हृदयापर्यंत

१/ १९०१ साली उरुग्वेतील बालरोगतज्ज्ञ लुईस मोर्कियो यांनी एका चमत्कारिक बालरोगाची नोंद प्रसिद्ध केली. एकाच कुटुंबातील मुलांची नाडी कायम मंद असे, मध्येच त्यांची शुद्ध हरपे, आकडी येई आणि अखेरीस अकस्मात मृत्यू ओढवे. जन्मतःच मंद चालणाऱ्या अशा हृदयांचे मुख्य कारण उमगायला वैद्यकाला पुढे ऐंशी वर्षे लागली.

२/ बिघाड हृदयात नेमका कुठे होतो, हे मात्र लवकर कळले. १९०६ मध्ये जर्मनीतील मारबुर्ग येथे काम करणाऱ्या सुनाओ तावारा या जपानी संशोधकाने हृदयाच्या वरच्या आणि खालच्या कप्प्यांना जोडणारी एक सूक्ष्म गाठ शोधली. ठोक्याचा विद्युत्संदेश याच वाटेने खाली उतरतो. ही वाट बंद पडली की खालचे कप्पे स्वतःच्या संथ लयीत धडधडत राहतात. यालाच ‘हार्ट ब्लॉक’ म्हणतात.

३/ पण गर्भातच ही वाट बंद का पडावी? अनेक बाळांच्या हृदयाची रचना तर निर्दोष असे. १९२८ मध्ये एल्वर्ड या डॉक्टरांनी हार्ट ब्लॉक असलेल्या दोन भावंडांची नोंद करताना त्यांच्या आईला लाळग्रंथी सुजवणारा ‘मिकुलिच रोग’ असल्याचेही लिहून ठेवले. उत्तराचा धागा इथेच होता. परंतु तो ओढून पाहण्याची साधने त्या काळी नव्हती.

४/ १९३३ मध्ये स्वीडनचे नेत्रतज्ज्ञ हेन्रिक श्योग्रेन यांनी डोळे व तोंड कोरडे पाडणाऱ्या विकाराचे सविस्तर वर्णन केले. शरीराची संरक्षणव्यवस्था स्वतःच्याच पेशींवर उलटते, अशा स्वयंप्रतिकार विकारांत आज त्याची गणना होते. ल्युपस हाही त्याच कुळातला. १९७७ पर्यंत एकाहून अधिक संशोधकगटांनी दाखवून दिले की हार्ट ब्लॉक असलेल्या बाळांच्या मातांत असे विकार वारंवार आढळतात.

५/ दरम्यान प्रयोगशाळेत दुसरी वाट उघडत होती. १९६९ मध्ये मॉरिस राइक्लिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ल्युपसच्या रुग्णांच्या रक्तात एक प्रतिपिंड शोधले. त्याच्या लक्ष्याला रुग्णाच्या नावातील आद्याक्षरांवरून ‘रो’ हे नाव मिळाले. १९७४ मध्ये ‘ला’ आले, तेही तसेच.

६/ १९८३ मध्ये दोन्ही वाटा एकत्र आल्या. हार्ट ब्लॉक असलेल्या बाळांच्या मातांचे रक्त तपासले, तेव्हा बहुसंख्य मातांत ‘रो’विरोधी प्रतिपिंडे सापडली. आजाराचे मूळ बाळाच्या हृदयापलीकडे, आईच्या रक्तात होते.

७/ यातील विरोधाभास विलक्षण आहे. आईची प्रतिपिंडे वारेतून बाळाकडे जातात ती त्याच्या रक्षणासाठी. नवजात अर्भकाला पहिले काही महिने तीच तारतात. वारेला मित्र-शत्रू असा भेद करता येत नाही. त्याच दारातून ‘रो’विरोधी प्रतिपिंडेही आत शिरतात, गर्भाच्या हृदयात दाह निर्माण होतो आणि तावारांच्या त्या गाठीच्या जागी व्रणासारखी तंतुमय ऊती उरते. हे बहुधा गर्भारपणाच्या १८ ते २४ आठवड्यांच्या दरम्यान घडते. मिनिटाला ११० ते १६० पडणारे ठोके मग ५० ते ७० वर येतात.

८/ जन्मानंतर काही महिन्यांत आईची प्रतिपिंडे बाळाच्या रक्तातून नाहीशी होतात. त्यांच्यामुळे अंगावर उठलेले पुरळही जाते. पूर्ण बंद पडलेली हृदयातील वाट मात्र पुन्हा उघडत नाही. काही बाळे दगावतात. जगलेल्यांपैकी बहुतेकांना पेसमेकर बसवावा लागतो.

९/ यातील कितीतरी माता त्या वेळी पूर्ण निरोगी असतात. गर्भाचा ठोका मंद आढळल्यावर रक्त तपासले जाते, आणि तेव्हाच त्यांना स्वतःतील प्रतिपिंडांचा पत्ता लागतो. बाळात काही कमी निघाले की आईच्या खाण्यापिण्याकडे, वागण्याकडे बोट दाखवण्याची समाजाची खोड जुनी आहे. या शोधाने निदान इथे तरी त्या आरोपाचा पाया काढून घेतला. ही प्रतिपिंडे कोणत्याही चुकीची शिक्षा नव्हेत. ती असलेल्या मातांपैकीही साधारण शंभरात एक-दोघींच्याच बाळाला हार्ट ब्लॉक होतो.

१०/ एक बाळ बाधित झाले असेल, तर पुढच्या वेळी हा धोका सुमारे १८ टक्क्यांवर जातो. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात अशा मातांना गर्भारपणाच्या आरंभापासून हायड्रॉक्सीक्लोरोक्विन हे मूळचे हिवतापावरील औषध देण्यात आले. ५४ गर्भारपणांत चारच बाळांना हार्ट ब्लॉक झाला, म्हणजे ७.४ टक्के. तुलनेसाठी औषधाविना दुसरा गट नव्हता, तरी घट लक्षणीय होती.

११/ मोर्कियोंनी मुलांची नाडी मोजली, तावारांनी गाठ शोधली, राइक्लिन यांनी रक्त तपासले. या साखळीत एल्वर्ड यांची नोंद लहानशीच. पण बाळाच्या टिपणात आईच्या सुजलेल्या ग्रंथींचा उल्लेख त्यांनी गाळला नाही. कोड्याचे उत्तर त्या बाजूला आहे, हे पुढच्यांना दिसले ते अशाच नोंदींमुळे.