निळा रंग कशाचा?

तेर माझं आजोळ. मोठा पाऊस पडून गेला की गावालगतच्या पांढरीच्या टेकाडावरची माती धुऊन निघायची आणि मणी वर यायचे. एकदा मला ज्वारीच्या दाण्याएवढा निळा काचेचा मणी सापडला. आबांनी तो उन्हात धरला आणि विचारलं, “ह्यो निळा रंग कशाचा रं?”

“काचेचा.”

“काच तर खिडकीलाबी हाय. ती का निळी नाय?”

मला उत्तर आलं नाही.

तेर म्हणजे जुनं तगर. पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक ग्रंथात इथून गाड्यांनी भडोच बंदराकडे जाणाऱ्या कापडाची नोंद आहे. गावातल्या लामतुरे संग्रहालयात शंखाचे, हस्तिदंताचे, काचेचे जिन्नस आजही बघायला मिळतात. काचेत चिमूटभर धातू मिसळून रंग आणण्याची विद्या तेव्हाच्या कारागिरांना ठाऊक होती. निळ्यासाठी कोबाल्ट किंवा तांबं. म्हणजे रंग कशाचा, तर आत मिसळलेल्या पदार्थाचा. माणसाने हे उत्तर हजारो वर्षं पुरवलं.

ते अपुरं आहे, हेही काचेतच कळलं. लेनिनग्राडच्या वाविलोव्ह संस्थेत अलेक्सेई एकिमोव्ह रंगीत काचेवर काम करत होते. एकच रसायन घातलेल्या काचेचा रंग भट्टीतल्या तापमानानुसार आणि वेळेनुसार का बदलतो, हे कोडं त्यांना पडलं होतं. त्यांनी काचेत कॉपर क्लोराइड घातलं आणि नमुने ५०० ते ७०० अंशांवर, कुठे तासभर तर कुठे चार दिवस तापवले. आत स्फटिक तयार झाले. काही २ नॅनोमीटरचे, काही ३० नॅनोमीटरचे. स्फटिक जितका बारीक, तितका तो शोषत असलेला प्रकाश निळ्याकडे सरकत होता. पदार्थ तोच, फरक फक्त आकाराचा! १९८१ साली हे छापून आलं. २०२३ साली लुई ब्रूस आणि मूंगी बावेंडी यांच्यासोबत त्यांना रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं.

ती बातमी मी ऑफिसच्या बसमध्ये मोबाइलवर वाचली आणि चरकलो. इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षी ‘डब्यातल्या कणा’चं गणित मी पाठ केलं होतं: डबा जितका लहान, तितक्या इलेक्ट्रॉनच्या ऊर्जेच्या पायऱ्या उंच. मार्क मिळाले, गणित विसरलो. तो डबा म्हणजे काचेतला खराखुरा स्फटिक असू शकतो, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

इतक्या लहान डब्यात डोकवायचं कसं? तर लेसरने. एकाच शुद्ध रंगाचा प्रकाश टाकायचा. इलेक्ट्रॉन उडी मारून वर जातो, त्याची जागा रिकामी होते. तो परत खाली आला की प्रकाश बाहेर पडतो आणि त्याचा रंग डब्याचं माप सांगतो. ही हालचाल टिपायला घड्याळं अपुरी पडतात, म्हणून लेसरचे दोन ठोके वापरतात: पहिला जागं करतो, दुसरा पाहणी करतो. दुसऱ्याच्या वाटेतला आरसा १५ मायक्रोमीटर मागे सरकवला की त्याला १०० फेमटोसेकंद उशीर होतो. सेकंद मोजता येत नाही, म्हणून अंतर मोजायचं. रोज कोड लिहिणाऱ्या मला ही युक्ती फार आवडली.

हे सगळं लांबच घडलं असंही नाही. बावेंडींनी बोस्टनजवळ एकसारख्या मापाचे स्फटिक बनवण्याची रीत १९९३ साली मांडली. त्याच वर्षी पुणे विद्यापीठातल्या सुलभा कुलकर्णी आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा झिंक सल्फाइडच्या क्वांटम डॉटवरचा शोधनिबंध आला. आमच्या घरात तेव्हा टीव्हीसुद्धा नव्हता. आज दुकानात त्याच डॉटचे टीव्ही विकायला असतात.

आबा आता नाहीत. असते तर सांगितलं असतं: आबा, तुमच्या मण्याचा निळा बहुधा कोबाल्टचा किंवा तांब्याचा. पण रंग नुसत्या मापाचाही असू शकतो. आणि मणी न फोडता, त्यावर लेसर टाकून, आतल्या काचेची बरीच माहिती काढता येते.

फक्त तो मणी दाखवता आला नसता. दहावीच्या आधीच मी तो कुठेतरी हरवला.