खुराड्यातलं लांबडं

परवा रात्री साडेनऊला कोरेगावहून पुतण्याचा फोन आला. आवाज दबलेला. "काका, खुराड्यात लांबडं आलंय."

आमच्याकडे दिवेलागणीनंतर सापाचं नाव घेत नाहीत. लांबडं म्हणायचं, नाहीतर जनावर म्हणायचं. कोणाला चावला तर "पान लागलं" म्हणायचं. पुतण्या इंजिनियर झाला, पुण्यात आठ वर्षं नोकरी केली, 2020 साली लॉकडाऊनमध्ये गावी परतला आणि गावरान अंड्यांना भाव आहे म्हणून परड्यात तीस कोंबड्या पाळल्या. पण रात्री फोनवर त्याच्या तोंडातून शब्द आला तो आजीचाच.

"मारू का?" त्यानं विचारलं.

मी म्हटलं, थांब. दार लाव, लांबून बॅटरी धरून बसव कोणालातरी, तो कुठं जातो एवढंच बघायचं, आणि गावातल्या सर्पमित्राला फोन कर. तो म्हणाला, केलाय, अर्ध्या तासात येतोय. मग तो अर्धा तास आम्ही दोघं फोनवर होतो. मध्येच तो म्हणाला, "आपल्या घरात पूर्वी असं झालेलं ना? आजी काहीतरी सांगायच्या." झालेलं. ते लिहून ठेवावं असं तेव्हापासून डोक्यात आहे. (घरची मंडळी हे वाचतीलच. कुठं चुकलं असेल तर सांगा, मी तेव्हा चौथीत होतो.)

1978 चा श्रावण. नागपंचमीला तीन-चार दिवस होते. थोरली आत्या पंचमीसाठी माहेरी आली होती. परड्यात चिंचेला झोका बांधून झाला होता. आजीचं खुराडं म्हणजे मागच्या पायऱ्यांखालचा दगडामातीचा पोकळ कोनाडा, पुढं फळी आणि फळीला टेकवलेला धोंडा. पिल्लंवाली कोंबडी असली की ती वेगळी, ओसरीवर डालग्याखाली. त्या वेळी डालग्याखाली चौदा पिल्लं होती. कोंबड्या आजीच्या होत्या, म्हणजे अगदी तिच्या. अंड्यांचे पैसे आबांना दाखवायची पद्धत नव्हती. त्यातून आमच्या वह्या यायच्या, आत्याला चोळीचं कापड जायचं, आणि नड आली तर आबाही गुपचूप तिच्याकडेच मागायचे.

त्या आठवड्यात अंडी कमी येत होती. आजीनं आधी मुंगसावर संशय घेतला, मग शेजारच्या बोक्यावर. आता कळतं की खुणा तिच्या समोरच होत्या. मुंगूस अंडं फोडतं, कवच तिथंच टाकतं. बोका पिल्लू नेतो तर पिसं सांडतात. साप मात्र अंडं सगळंच्या सगळं गिळतो, मागं काही ठेवत नाही. कवच नाही, पीस नाही, ओल नाही, नुसतं अंडं नाही. अंड्यांना चटावलेला साप पुन्हा त्याच जागी येतो. आणि सकाळी एखादी मोठी कोंबडी अंगावर फारशी जखम नसताना मरून पडलेली दिसली, तर तिथं नाग आला असावा असा संशय धरायला हरकत नाही. मोठी कोंबडी त्याला गिळता येत नाही, पण ती अंगावर आली तर तो चावतो.

दिवेलागणीला आत्या अंडी काढायला गेली. फळी सरकवली, उजवा हात आत घातला. आत एक खुडूक कोंबडी बसलेली असायची, ती हात घातला की फिस्कारायची. आत्यानं फुसफुस ऐकली आणि तिला वाटलं, कोंबडीच आहे. आजही ती एवढंच सांगते: "मला वाटलं, कोंबडीच हाय."

मधल्या बोटाला पान लागलं.

पुढचा दीड तास मला तुकड्या-तुकड्यांनी आठवतो. कोणीतरी दंडाला सुतळी आवळली. कोणीतरी शेजारच्या वाडीवरच्या एका माणसाला आणायला सायकल पिटाळली. तो विष उतरवतो असं सगळे म्हणायचे. तो आला, बोट पाहिलं, आणि म्हणाला, "पिल्लं आणा."

हा उपाय काय ते आजच्या मुलांना माहीत नसेल. दंशाच्या जागी ब्लेडनं चीर द्यायची, कोंबडीच्या पिल्लाचं गुदद्वार त्या जखमेवर दाबून धरायचं. पिल्लू विष ओढून घेतं आणि मरतं, अशी समजूत. मेलं की दुसरं लावायचं, मग तिसरं. जे पिल्लू मरणार नाही, तिथं विष संपलं. महाराष्ट्रातच नव्हे, देशात बऱ्याच ठिकाणी हा प्रकार चालायचा. पिल्लू मरतं ते खरंच, पण मुठीत आवळून धरल्यावर एवढासा जीव दुसरं काय करणार? आणि हा उपाय "लागू पडतो" याचं कारणही साधं आहे. चावणारे बहुतेक साप बिनविषारीच असतात, आणि विषारी साप चावला तरी दर वेळी विष सोडतोच असं नाही. त्या माणसाकडे आलेल्यांतले बरेच जण घरी झोपून राहिले असते तरी बरे झाले असते.

आजीनं डालगं उचललं. कोंबडी तिच्या हाताला चोची मारत होती. एकेक पिल्लू आजीनंच काढून दिलं. मी मोजत होतो. त्या वयात सगळंच मोजतात. आठ मेली. नववं मेलं नाही. त्या माणसानं ते हातावर धरून सगळ्यांना दाखवलं, म्हणाला, "हे जगलं. उतरलं विष." बायकांनी हात जोडले.

आणि तेव्हा आत्याच्या पापण्या मिटायला लागल्या होत्या. झोप आली म्हणून नव्हे. तिला त्या उघड्या ठेवता येत नव्हत्या. जीभ जड झाली. नागाचं विष असंच काम करतं, नसांकडून स्नायूंकडे जाणारा निरोप अडवतं. आधी पापण्या, मग गिळणं, मग श्वास. आमच्याकडे भाड्यानं राहणारे एक मास्तर होते, एरवी कधी आवाज न चढवणारे. ते ओरडले, "अहो, ती जातीय! गाडी बघा!" आल्याची पोती भरलेला एक टेम्पो सातारला निघाला होता, त्याची पोती रस्त्यावर उतरवली आणि तिला घातलं.

ती वाचली. सातारला सर्पविषावरची लस होती आणि वेळ थोडक्यात सापडली. बोटाचं पहिलं पेर मात्र सडलं, ते काढावं लागलं. पुरणपोळी लाटताना ते आखूड बोट हवेत राहतं, घरातल्या सगळ्यांनी पाहिलंय.

त्या लसीचा इतिहास मी पुढं कधीतरी वाचला. फ्रेंच शास्त्रज्ञ आल्बेर काल्मेत यानं 1890 च्या दशकात ती पहिल्यांदा तयार केली. घोड्याला विषाची थोडी थोडी मात्रा वाढवत द्यायची आणि त्याच्या रक्तातून उतारा काढायचा. आपल्याकडे परळच्या हाफकिन संस्थेनं ती कित्येक दशकं बनवली. ही संस्था मूळची 1899 सालची, प्लेगच्या लसीसाठी निघालेली. नाग, मण्यार, घोणस, फुरसं या चौघांवर मिळून एकच लस असते, त्यामुळे साप ओळखता आला नाही तरी उपचार अडत नाहीत. माझं लक्ष गेलं ते दुसऱ्याच एका गोष्टीकडे. 1872 साली जोसेफ फेरर या इंग्रज डॉक्टरनं भारतातल्या विषारी सापांवर भलामोठा ग्रंथ काढला. त्यातले प्रयोग त्यानं कलकत्त्यात केले होते, साप चावायला लावून. कोणाला? कुत्र्यांना, आणि कोंबड्यांना. वाडीवरचा माणूस काय आणि कलकत्त्याचा साहेब काय, दोघांनाही हाताशी कोंबडीच सापडली. फरक इतकाच, की साहेब कोंबडी किती वेळात मेली ते लिहून ठेवत होता, आणि कुठलाच लोकप्रसिद्ध उतारा चालत नाही हेही प्रामाणिकपणे नोंदवत होता.

साहेबांच्या सरकारचा स्वतःचा उपाय मात्र काठीचाच होता. मेलेला साप आणा, बक्षीस घ्या. सह्याद्री उतरून रत्नागिरीत गेलं की फुरशांचा मुलूख. 1862 साली तिथं बक्षीस वाढवलं, तर आठवड्याभरात लोकांनी एक लाखाच्या वर फुरसी मारून आणली. जिल्ह्याच्या गॅझेटिअरात हे अभिमानानं छापलंय की हताशपणे, ते मला ठरवता येत नाही. फुरसी आजही रत्नागिरीत आहेत.

आमच्या घरीही काठी चाललीच. टेम्पो गेल्यावर मागं राहिलेल्या माणसांना काहीतरी करायचं होतं. कंदील घेऊन परडं पालथं घातलं, सरपणाच्या ढिगात एक लांबलचक साप सापडला, त्याला ठेचला. सकाळी उजेडात पाहिलं तर धामण. फणा नाही, विष नाही. नाग कधी सापडलाच नाही. आबा तिच्याकडे बघत बराच वेळ उभे होते. मग म्हणाले, "ही आपल्या उंदरांची होती." त्या हिवाळ्यात घेवड्याच्या पोत्यांना उंदरांनी अशी भोकं पाडली की विचारू नका. (कोरेगावात घेवडा म्हणजे घरातलं सोनं. आता त्याला भौगोलिक मानांकन मिळालंय, तेव्हा नुसताच भाव मिळायचा.) धामण मारली म्हणूनच हे झालं असं मी छातीठोकपणे म्हणणार नाही, उंदरांना वर्षं असतात. पण आबांनी नंतर घरात धामण मारू दिली नाही. तशी धामणही कोंबडीचं पिल्लू सापडलं तर सोडत नाही, हे आजीचं म्हणणं त्यांना मान्य होतं. "दोन पिल्लं न्हेईल, पोतं ऱ्हाईल," असा त्यांचा हिशेब. आजीला तो पटला नव्हता. पोतं आबांचं, पिल्लं तिची.

आणि तीन-चार दिवसांनी पंचमी आली. घरात आजारपण, तरी आजीनं भिंतीवर नाग काढले, लाह्या-दूध ठेवलं, तवा चढवला नाही, विळी हातात घेतली नाही. मला तेव्हा याचं फार नवल वाटलं होतं, थोडा रागही आला होता. तिकडं बत्तीस शिराळ्यात जिवंत नागांची मिरवणूक निघत होती. 1949 साली दक्षिण सातारा वेगळा होईपर्यंत शिराळा आमच्याच जिल्ह्यात होता. पुढं मुंबई उच्च न्यायालयानं वन्यजीव कायद्यावर बोट ठेवून त्या खेळांवर निर्बंध घातले. हा कायदा 1972 चा. 2022 च्या दुरुस्तीनंतर तर नाग आणि धामण दोघंही त्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, म्हणजे कायद्यानं त्यांना वाघाच्या पंगतीला बसवलंय.

मधल्या काळात बदल घडला तो कायद्यापेक्षा माणसांमुळे, असं मला वाटतं. 1980 साली पुण्यात नीलिमकुमार खैरे 72 विषारी सापांबरोबर 72 तास एका खोलीत राहिले. त्या वेळी आमच्या शाळेत त्याचीच चर्चा. साप उगाच चावत नाही, हे आम्हाला पुस्तकानं नाही, त्या बातमीनं पटवलं. 1986 मध्ये कात्रजचं सर्पोद्यान झालं, सहली जायला लागल्या. आणि सातारचेच डॉक्टर नरेंद्र दाभोलकर. 1989 पासून त्यांची अंधश्रद्धा निर्मूलन समिती गावोगाव सांगत राहिली, की पान लागलं तर देवळात नाही, दवाखान्यात न्या. ऑगस्ट 2013 मध्ये पुण्यात त्यांचा खून झाला आणि त्यांनी ज्यासाठी वर्षानुवर्षं खेटे घातले तो जादूटोणाविरोधी कायदा त्याच वर्षी झाला. त्याच्या अनुसूचीत साफ लिहिलंय: साप, विंचू किंवा कुत्रा चावल्यावर माणसाला औषधोपचारापासून रोखून मंत्रतंत्र करणं हा गुन्हा. ते कलम वाचताना मला आमची ओसरी आठवली. तरीही 2000 ते 2019 या वीस वर्षांत देशात सर्पदंशानं दर वर्षी सरासरी 58 हजार माणसं गेली, असा एका मोठ्या अभ्यासाचा अंदाज आहे. त्यातली बहुतेक खेड्यातली.

असो. फोनवर पुतण्या म्हणाला, आले सर्पमित्र. बिशी-बाविशीतला मुलगा असावा, आवाजावरून. कोपऱ्यातल्या टोपलीमागं नाग होता. त्या मुलानं एका काळ्या पाइपाचं तोंड त्याच्यापुढं ठेवलं, पाइपाच्या दुसऱ्या टोकाला पिशवी. अंधार दिसला तसा तो आपण होऊन आत गेला. वनखात्याला कळवून सोडायला नेला. जाता-जाता त्या मुलानं पुतण्याला चांगलंच झापलं. खाद्याचं पोतं उघडं, म्हणून उंदीर. उंदीर, म्हणून साप. भिंतीला लागून विटांचा ढीग, म्हणजे सापाला आयती खोली. फिनेल आणि गंधक शिंपडून काही होत नाही. प्लॅस्टिकची जाळी लावू नका, त्यात साप अडकून तडफडून मरतो. लोखंडाची बारीक जाळी लावा, जमिनीत वीतभर गाडा. अंडी उजेड असतानाच काढा. आणि बॅटरी मारल्याशिवाय आत हात घालायचा नाही, कधीच नाही.

गेल्या रविवारी मी कोरेगावला जाऊन आलो. जाळी लागली आहे. आत्याही आली होती, सत्तरी कधीच ओलांडली तिनं. पुतण्यानं कौतुकानं खुराडं दाखवायला नेलं. ती दारात उभी राहून बॅटरीच्या उजेडात बराच वेळ बघत होती, उजवा हात पदराखाली. मग मला म्हणाली, "ते नववं पिल्लू तुला आठवतंय का रे?"

आठवत होतं. त्याची पुढं तांबडी तलंग झाली. आजीनं तिला विकली नाही, कापली नाही, पाहुणे आले तरी नाही. अंडी द्यायची थांबली तरी ती चार-पाच वर्षं परड्यात फिरत होती, आणि रात्री डालग्याखाली तिची जागा ठरलेली होती.