सापाच्या बदल्यात उतारा

साप द्यावा आणि औषध न्यावे, असा सौदा तुम्ही कधी ऐकला आहे का? ब्राझील देशातल्या शेतकऱ्यांनी तो वर्षानुवर्षे इमानाने पाळला.

तिकडच्या माळरानात खुळखुळ्या साप असतो. इंग्रजीत त्याला रॅटलस्नेक म्हणतात. शेपटीच्या टोकाला कोरड्या कड्यांचा खुळखुळा. दर वेळी कात टाकली की एक कडे वाढते. (कडी मोजून वय सांगतात ते काही खरे नव्हे. कात वर्षातून अनेकदा पडते.) मळ्यांत अनवाणी राबणारी माणसे या सापाने दगावत.

व्हिताल ब्राझील नावाचे डॉक्टर तेव्हा बोतुकातू या गावी होते. फ्रान्समध्ये काल्मेत यांनी 1895 साली नागाच्या विषावर उतारा काढला होता. व्हिताल यांनी तो आपल्याकडील सापांच्या विषावर लावून पाहिला, गुण नाही! ज्या सापाचे विष, त्याच सापाचा उतारा लागतो, हे त्यांनी ताडले. म्हणूनच आपल्याकडचा उतारा नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे यांच्या विषांवरून करतात. ब्राझीलची कुपी आपल्या घोणशीपुढे फुकट.

1901 साली साओ पाउलोजवळ बुतांतान येथील शेतावर संस्था निघाली. पहिला उतारा तयार झाला तो चक्क गोठ्यात. घोड्याला थोडे थोडे विष टोचीत जायचे आणि मग त्याच्या रक्तातला रस काढायचा, अशी ही रीत.

पण विष हवे तर साप हवेत. कुंपणभिंत, आत पाण्याचा चर आणि घुमटीसारखी सिमेंटची घरे, असा सापांचा वाडा पुढे बांधला. तरी रानातून धरलेला साप पुष्कळदा भक्ष्याला तोंडच लावीत नसे आणि मरून जाई. खुळखुळ्याची मादी अंडी घालीत नाही, जिवंत पिल्ले देते. पण कोंडवाड्यात सापांची पैदास करण्याची विद्या फार पुढची. तोवर सारी भिस्त शेतकऱ्यांवर. ते जिवंत साप धरून लाकडी पेटीत घालीत, रेल्वे ती पेटी फुकट नेई, आणि बदल्यात उताऱ्याच्या कुप्या येत.

कुपीबरोबर एक कोरा कागदही येई. कोणता साप, कुठे चावला, रोगी वाचला की नाही, एवढे त्यावर भरून धाडायचे. परत आलेल्या त्या कागदांवरून दिसले की बहुतेक दंश पायांवर होतात. तेव्हापासून व्हिताल उताऱ्याइतक्याच आग्रहाने पायांत बूट घालायला सांगू लागले.